अंजनवेलची यंत्रे : योजलेली स्थिती आणि आलेली स्थिती

(१)

गुहागर तालुक्यातील अंजनवेल येथे उभ्या राहिलेल्या वीजकेंद्राची कथा महाराष्ट्रात पुष्कळांनी सांगितली आहे. कोणी ती 'दाभोळ प्रकल्प' या नावाने सांगतात, कोणी एन्रॉन या अमेरिकन कंपनीच्या नावाने. वस्तुतः दाभोळ हे प्राचीन बंदर वाशिष्ठीच्या खाडीपलीकडे, दापोली तालुक्यात आहे. केंद्र उभे आहे ते अलीकडच्या तीरावर, गोपाळगडाच्या शेजारी. या केंद्रासंबंधी राजकारणाच्या, अर्थकारणाच्या आणि सार्वजनिक नीतीच्या दृष्टीने विपुल लेखन झालेले आहे, आणि ते व्हावयास हवेच होते. परंतु ज्या यंत्रांच्या भोवती एवढा वाद माजला, त्या यंत्रांचा स्वभाव कसा असतो, हा प्रश्न सुशिक्षित वाचकांपुढे क्वचितच ठेवण्यात आला. यंत्र म्हणजे इंजिनियरांचा प्रांत, तेथे आपले काय काम, अशी आपल्या मध्यमवर्गाची जुनी समजूत आहे. विजेचे बिल मात्र आपणच भरीत असल्याकारणाने ही समजूत आपल्याला महाग पडते.

गॅस टर्बाइन हे यंत्र एका विवक्षित स्थितीसाठी योजलेले असते. हवेचे तापमान अमुक, दाब अमुक, फेऱ्यांचा वेग अमुक, भार पूर्ण: अशी ती स्थिती असते. त्या स्थितीत त्याची कार्यक्षमता पाहून कोणीही थक्क व्हावे. तेथून ते जसजसे दूर जाते, तसतसा त्याचा गुण उतरत जातो. आणि तो आपल्या अपेक्षेपेक्षा पुष्कळ वेगाने उतरतो. अंजनवेल येथे यंत्र असे होते आणि त्या यंत्रावर केलेला करारही तसाच होता. दोघांचीही योजना पूर्ण भाराच्या हिशेबाने झालेली होती. महाराष्ट्राची विजेची गरज मात्र तासातासाला आणि ऋतूऋतूला बदलणारी होती. या विसंगतीचा इतिहास येथे थोडक्यात मांडावयाचा आहे.

(२)

प्रथम यंत्राची ओळख करून घेऊ. गॅस टर्बाइनची कल्पना जुनी आहे. इंग्लंडात जॉन बार्बर याने तिचे पेटंट १७९१ साली घेतले होते. कल्पना अगदी सोपी: हवा दाबावयाची, दाबलेल्या हवेत इंधन जाळावयाचे, आणि तापलेला वायू पात्यांच्या चाकावर सोडून चाक फिरवावयाचे. असे असूनही ती प्रत्यक्षात उतरण्यास शंभरांहून अधिक वर्षे लागली. नॉर्वेतील एलिंग याने १९०३ साली बनविलेले यंत्र आपला खर्च भागवून अवघी ११ अश्वशक्ती शिल्लक टाकू लागले, तेव्हा ते मोठेच यश मानले गेले.

'आपला खर्च भागवून' हे शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावेत. या यंत्राचे सारे मर्म त्यांत आहे. हवा दाबणारा भाग, म्हणजे काँप्रेसर, हा टर्बाइनच्याच दांड्यावर बसविलेला असतो आणि टर्बाइनने उत्पन्न केलेल्या शक्तीचा फार मोठा वाटा तोच गिळतो. वाफेच्या यंत्रात ही अडचण नाही. तेथे पाण्यावर दाब द्यावयाचा असतो आणि पाणी दाबण्यास शक्ती अत्यल्प लागते. हवा दाबणे हे मात्र खर्चाचे काम आहे.

स्वित्झर्लंडमधील न्यूशातेल या गावी ब्राउन बोव्हेरी कंपनीने १९३९ साली लोकांना वीज पुरविणारे पहिले गॅस टर्बाइन बसविले. त्याची चाचणी स्टोडोला या वयोवृद्ध प्राध्यापकांच्या देखरेखीखाली झाली. त्या यंत्राचे टर्बाइन सुमारे १५,४०० किलोवॅट शक्ती निर्माण करी. त्यांपैकी सुमारे ११,४०० किलोवॅट काँप्रेसर घेई. आणि ४,००० किलोवॅट विजेसाठी उरत. कार्यक्षमता १७ टक्क्यांच्या थोडी वर होती. सारांश, चार आणे लोकांना मिळावेत म्हणून यंत्राला बारा आणे स्वतःवर खर्च करावे लागत.

याचा परिणाम काय होतो, तो एका ढोबळ हिशेबाने दाखविता येईल. समजा, इंधन कमी करून टर्बाइनची शक्ती दहा टक्क्यांनी उतरविली. १५,४०० च्या जागी १३,८६० राहिले. काँप्रेसर त्याच वेगाने फिरत असल्यामुळे त्याची मागणी तशीच राहिली, ती ११,४००. शिल्लक राहिली २,४६०. म्हणजे मुळात दहा टक्क्यांची घट, परंतु लोकांच्या पदरात पडणाऱ्या विजेत जवळजवळ दोन पंचमांश घट! इंधनाची बचत मात्र त्या प्रमाणात होत नाही. ज्या कुटुंबाच्या मिळकतीतून बारा आणे घरभाड्यातच जातात, त्या कुटुंबाची मिळकत थोडी घटली तरी चूल कशी अडचणीत येते, हे आपणांस सांगावयास नको. अलीकडच्या यंत्रांत काँप्रेसरचा वाटा पुष्कळ कमी झाला आहे. तरी तो निम्म्याच्या आसपास असतोच, आणि मूळ न्याय बदललेला नाही.

न्यूशातेलच्या त्या यंत्राविषयी आणखी एक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. ते रोज चालविण्यासाठी बसविलेलेच नव्हते. संकटकाळी उपयोगी पडावे म्हणून ते राखीव ठेवलेले होते, आणि २००२ सालापर्यंत ते तसेच सेवेत राहिले. कार्यक्षमता बेताची असूनही त्याच्याविषयी कोणी तक्रार केल्याचे ऐकिवात नाही. कारण ज्या कामासाठी ते घेतले, तेच काम त्याच्याकडून मागण्यात आले.

(३)

योजलेल्या स्थितीपासून यंत्र दूर नेणाऱ्या गोष्टी मुख्यतः तीन: हवा, भार आणि इंधन.

जगभर गॅस टर्बाइनची शक्ती सांगण्याचा एक संकेत आहे. हवेचे तापमान १५ अंश सेल्सिअस, दाब समुद्रसपाटीचा, आर्द्रता ६० टक्के, असे धरून ती सांगितली जाते. युरोपातील वसंत ऋतूतील एखादा सुखद दिवस डोळ्यांपुढे आणावा, तशी ही हवा आहे. कोकणात अशी हवा मिळावयाची कोठून? हवा तापली म्हणजे विरळ होते. काँप्रेसर तेवढेच आकारमान ओढतो, पण त्यात भरलेली हवा वजनाने कमी असते. तापमानाच्या दर अंशामागे शक्ती साधारणपणे अर्धा ते पाऊण टक्का घटते. ३५ अंशांच्या दुपारी यंत्र आपल्या नावावर लिहिलेल्या आकड्यापेक्षा दहा ते पंधरा टक्के कमी देणार, हे उघड आहे. उंचीचाही असाच परिणाम होतो. आपले पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे आणि येथील हवेचा दाब समुद्रकाठच्या दाबापेक्षा सुमारे ६ टक्के कमी असतो. समुद्रकाठी शंभर मेगावॅट देणारे टर्बाइन पुण्यात आणून ठेवले, तर तापमान तेच असूनही ते चौऱ्याण्णवच्या आसपासच देईल. अंजनवेल समुद्रकाठी असल्यामुळे तेथे उंचीची अडचण नाही. पण खारट हवा आहे, आणि त्या हवेतील क्षार काँप्रेसरच्या पात्यांवर बसून त्यांचा घाट बिघडवितात.

दुसरी गोष्ट भाराची. काँप्रेसर म्हणजे पात्यांच्या अनेक ओळी, एकीमागे एक लावलेल्या. प्रत्येक ओळ हवा थोडी दाबून पुढच्या ओळीकडे देते. हवा दाबली जाते तशी तिला जागा कमी लागते, म्हणून मागच्या ओळींचा मार्ग हिशेबाने अरुंद केलेला असतो. हा हिशेब एकाच वेगासाठी आणि एकाच प्रवाहासाठी बरोबर जुळतो. यंत्र सुरू होताना वेग कमी असला म्हणजे पुढच्या ओळी हवा पुरेशी दाबीत नाहीत. मग ती फुगलेली हवा मागच्या अरुंद मार्गात तुंबते. पुढील पात्यांवर हवा वाकड्या कोनाने येऊ लागते व त्यांना ती धरून ठेवता येत नाही. हे फार वाढले, म्हणजे दाबलेली हवा उलट फिरून पुढच्या बाजूने बाहेर उसळते. इंजिनियर याला 'सर्ज' म्हणतात. मोठ्या यंत्रात हा प्रकार तोफेसारखा आवाज करतो आणि पाती मोडू शकतो. तो टळावा म्हणून मधूनच थोडी हवा बाहेर सोडून देणारी झडप ठेवतात आणि तोंडाशी कोन बदलता येणारी पाती बसवितात. या युक्त्यांनी यंत्र सुरक्षित राहते. कार्यक्षमतेचा तोटा मात्र सोसावाच लागतो.

अंजनवेलच्या केंद्रात एवढ्यानेच भागत नव्हते. तेथे संयुक्त चक्राची योजना होती. गॅस टर्बाइनमधून बाहेर पडणारा वायू पाचशे अंशांहून अधिक तापलेला असतो. तो वाया न घालविता त्यावर पाण्याची वाफ करावयाची आणि त्या वाफेवर दुसरे टर्बाइन चालवावयाचे. या योगाने इंधनातील निम्म्याहून अधिक उष्णतेची वीज होते. साध्या कोळशाच्या केंद्रात हे प्रमाण बरेच कमी असते. परंतु या जोडणीमुळे यंत्राची चपळाई जाते. गॅस टर्बाइन एकटे असले तर थोड्या मिनिटांत भार घेते. वाफेच्या भागातील जाड धातू मात्र हळूहळू तापवावा लागतो, नाही तर त्याला तडे जातात. म्हणून पूर्ण थंड झालेले संयुक्त केंद्र पूर्ण भारावर आणण्यास काही तास लागतात. रात्री मागणी उतरली की चालकापुढे पेच पडतो. यंत्रे अर्ध्या भारावर धुमसत ठेवावीत तर इंधनाचा अपव्यय. बंद करावीत तर सकाळी ती वेळेवर हाताशी येतील याची खात्री नाही.

तिसरी गोष्ट इंधनाची. नैसर्गिक वायूवर चालावे म्हणून योजलेल्या यंत्रात नॅफ्था जाळता येतो. तथापि तो द्रवरूप आहे, वेगळ्या रीतीने पेटतो, त्यातून आलेली अशुद्ध द्रव्ये तापलेल्या पात्यांना बाधतात आणि त्याची किंमत खनिज तेलाच्या बाजाराबरोबर वरखाली होते.

हे सर्व वाचून कोणी म्हणेल, की मग हे यंत्रच सदोष. तसे मुळीच नाही. विमानाचे जेट इंजिन हे याच कुळातील आहे. लोहगावच्या धावपट्टीवर मे महिन्याच्या उन्हात उडणारे विमान काही मिनिटांत उणे पन्नास अंशांच्या विरळ हवेत पोहोचते. म्हणजे त्याचे इंजिन जन्मभर एका स्थितीतून दुसऱ्या स्थितीत जात असते. तेथे हे ठाऊक असल्याकारणाने १९५० च्या सुमारास इंजिनियरांनी काँप्रेसरचे दोन भाग करून ते वेगवेगळ्या वेगांनी फिरविण्याची, तसेच आतील पात्यांच्या अनेक ओळींचे कोन चालू यंत्रात बदलण्याची योजना सिद्ध केली. बदलत्या स्थितीत चांगले चालणारे यंत्र करता येते. मात्र घेणाऱ्याने ते तसे आधी मागावे लागते, आणि त्याची किंमत मोजावी लागते.

(४)

महाराष्ट्राला गॅस टर्बाइनचा परिचय अंजनवेलपूर्वीच झालेला होता. 'मुंबई हाय' येथे १९७४ साली तेल सापडले आणि तेलाबरोबर वायूही येऊ लागला. तो वायू समुद्रावरच जाळून टाकण्यापेक्षा त्याची वीज करावी, या हेतूने राज्य विद्युत मंडळाने उरण येथे १९८२ साली प्रत्येकी ६० मेगावॅटची चार यंत्रे बसविली. पुढे १०८ मेगावॅटची चार आली, आणि १९९४ साली त्यांच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर प्रत्येकी १२० मेगावॅटची दोन वाफेची यंत्रे जोडण्यात आली. हे काम पायरीपायरीने झाले; हाताशी असलेल्या इंधनाकडे पाहून यंत्र घेण्यात आले. पुढे वायूचा पुरवठा अपुरा पडू लागला तेव्हा उरणलाही कमी भाराचा जाच झाला, परंतु त्यापायी मंडळ बुडण्याची वेळ आली नाही.

अंजनवेलचा आरंभ याच्या उलट झाला. जून १९९२ मध्ये एन्रॉन कंपनीचे प्रतिनिधी आले आणि त्याच महिन्याच्या २० तारखेस सामंजस्याचा करार झाला. डिसेंबर १९९३ मध्ये वीजखरेदीचा करार झाला. कंपनीत मोठा वाटा एन्रॉनचा, आणि लहान वाटे यंत्रे पुरविणाऱ्या जनरल इलेक्ट्रिकचे व बांधकाम करणाऱ्या बेक्टेलचे होते. दोन टप्पे मिळून दोन हजार मेगावॅटच्या वर शक्ती उभी राहावयाची होती आणि एकंदर खर्च सुमारे तीन अब्ज डॉलर होता.

या करारातील एक कलम येथे महत्त्वाचे आहे. केंद्र आपल्या शक्तीच्या नव्वद टक्क्यांपर्यंत वीज देण्यास सिद्ध राहिले, की मंडळाने वीज घेतली असो वा नसो, स्थिर आकार भरावयाचाच होता. इंधनाचा खर्च निराळा, आणि तो डॉलरच्या भावाशी बांधलेला.

आता गॅस टर्बाइनच्या काँप्रेसरची आठवण करावी. टर्बाइनने कितीही कमी शक्ती दिली तरी काँप्रेसर आपला वाटा आधी वसूल करतो. करारातील स्थिर आकाराचे काम नेमके तसेच होते. महाराष्ट्राने कितीही कमी वीज घेतली तरी तो आधी वसूल होणार. उरलेल्यात मंडळाने आपला संसार करावयाचा.

महाराष्ट्राची गरज कोणत्या स्वरूपाची होती? सकाळ-संध्याकाळ मागणी चढते, मध्यरात्री उतरते. पावसाळ्यात शेतीचे पंप थांबले की आणखी उतरते. ही चढउतार भागविण्याचे उत्तम साधन आपल्याजवळ होते, ते म्हणजे कोयना. पाण्याचे दार उघडले की काही मिनिटांत तेथील वीज हाती येते. कोयनेचा चौथा टप्पा तर ऐन मागणीच्या वेळी चालविण्यासाठीच बांधला गेला, आणि तो १९९९–२००० साली, म्हणजे अंजनवेलच्या पहिल्या टप्प्याच्याच सुमारास, सुरू झाला. कोयनेची एकंदर शक्ती १,९६० मेगावॅट; अंजनवेलची पुढे निश्चित झालेली शक्ती १,९६७ मेगावॅट. योगायोग एवढ्यावरच थांबत नाही. पोफळीकडे उतरून वीज देऊन गेलेले कोयनेचे पाणी वाशिष्ठीला मिळते आणि अंजनवेलजवळूनच समुद्रात जाते. एकाच नदीच्या वरच्या अंगाला मागेल तेव्हा आणि मागेल तेवढी वीज देणारे केंद्र, तर मुखाशी रात्रंदिवस पूर्ण भार मागणारे केंद्र, असे हे दृश्य होते.

ही विसंगती कोणाच्या लक्षात आली नव्हती, असे नाही. जागतिक बँकेने एप्रिल १९९३ मध्येच या प्रकल्पास कर्ज देण्याचे नाकारले. रात्रंदिवस चालणाऱ्या एवढ्या मोठ्या केंद्राची मंडळास गरज नाही, आणि मागणी कमी असताना ही महाग वीज घेण्यासाठी कोळशावरील स्वस्त वीज बंद ठेवावी लागेल, असा तिच्या म्हणण्याचा आशय होता. १९९५ साली आपल्या पुण्यातील 'प्रयास' या संस्थेतील गिरीश संत, शंतनु दीक्षित आणि सुबोध वागळे यांनी या कराराचे तांत्रिक व आर्थिक परीक्षण प्रसिद्ध केले. सभा आणि मोर्चे यांच्या गदारोळात या तरुणांनी आकडे मांडले आणि कमी भारावर या कराराचे काय होईल, याकडे लक्ष वेधले. नागरिकांनी यंत्राचा आणि दराचा हिशेब स्वतः करून पाहण्याचा हा प्रघात महाराष्ट्रात रुजला, त्याचे पुष्कळसे श्रेय त्यांच्याकडे जाते.

(५)

पुढील घटना वाचकांस सामान्यतः ठाऊक आहेत. ऑगस्ट १९९५ मध्ये नव्या राज्य सरकारने प्रकल्प रद्द केला. जानेवारी १९९६ मध्ये तो पुन्हा मान्य झाला. दर एका युनिटास सुमारे १ रुपया ८६ पैसे पडेल, असे फेरकराराच्या वेळी सांगण्यात आले. पहिला टप्पा, ७४० मेगावॅटचा, मे १९९९ मध्ये नॅफ्थ्यावर सुरू झाला. द्रवरूप नैसर्गिक वायू उतरवून घेण्याचा धक्का तेव्हा तयार झालेला नव्हता.

आणि मग आलेली स्थिती व योजलेली स्थिती यांमधील अंतर बिलात दिसू लागले. हिशेब पाचवीच्या मुलास करता येईल इतका सोपा आहे. वर्षाचा स्थिर आकार ९० रुपये आणि घेतलेली वीज ९० युनिट असेल, तर युनिटामागे एक रुपया पडतो. वीज ४५ युनिटच घेतली तर दोन रुपये पडतात; ३० घेतली तर तीन. त्यावर इंधनाचा खर्च. तोही कमी भारामुळे युनिटामागे वाढलेला, नॅफ्था महागल्यामुळे आणखी वाढलेला, आणि रुपया उतरल्यामुळे त्याहूनही वाढलेला. २००० सालच्या काही महिन्यांत एका युनिटचा दर सात रुपयांच्या पुढे गेला. दर वाढला म्हणून मंडळाने वीज कमी घेतली. वीज कमी घेतली म्हणून दर आणखी वाढला. यंत्राच्या सर्जसारखीच ही अवस्था होती. पुढे जाणारा प्रवाह अडला आणि उलट उसळला.

जानेवारी २००१ अखेर एक प्रसंग घडला. या सर्व इतिहासात यंत्राचा स्वभाव प्रत्यक्ष वादाच्या ऐरणीवर आला तो याच वेळी. मंडळाने पूर्ण भाराची मागणी केली. थंड स्थितीतून तीन तासांत पूर्ण भार देता यावा, असे करारात होते. केंद्राला ते साधले नाही, असे मंडळाचे म्हणणे पडले. क्षमता असल्याचे खोटे सांगितले, म्हणून मंडळाने ४०१ कोटी रुपयांची दंडाची मागणी केली. कंपनीने ती अमान्य केली. या वादात कोणाची बाजू खरी, याचा निर्णय येथे करावयाचा नाही. लक्षात घ्यावयाचे ते इतकेच, की दीड वर्ष सर्वांचे भांडण 'किती मेगावॅट' आणि 'किती रुपये' यांवर चालले होते. आणि अखेर वर्मी लागला तो 'किती वेळात' हा प्रश्न. संयुक्त चक्राचे यंत्र जे काम नाखुशीने करते, तेच काम त्याच्याकडून मागण्याची वेळ महाराष्ट्रावर आली. आणि तशी वेळ येणारच होती, कारण महाराष्ट्राची खरी गरज त्याच स्वरूपाची होती.

पुढचा क्रम वेगाने घडला. फेब्रुवारीत थकबाकीसाठी कंपनीने केंद्र सरकारच्या हमीवर बोट ठेवले. राज्य सरकारने माजी केंद्रीय गृहसचिव माधव गोडबोले यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. निवृत्तीनंतर पुण्यात राहिलेल्या या स्पष्टवक्त्या अधिकाऱ्याच्या समितीने एप्रिलमध्ये दिलेल्या अहवालात निर्णयप्रक्रियेवर कठोर टीका केली आणि कराराची फेररचना सुचविली. मे २००१ च्या अखेरीस यंत्रे थांबली. दुसरा टप्पा त्या वेळी जवळजवळ पूर्ण झालेला होता. डिसेंबरात खुद्द एन्रॉन कंपनी अमेरिकेत दिवाळखोरीत गेली.

(६)

बंद पडलेले यंत्र हेही योजलेल्या स्थितीपासून दूर गेलेले यंत्रच होय. किंबहुना सर्वांत दूर गेलेले. चालू असताना जी पाती तापलेली व कोरडी राहतात, ती कोकणच्या दमट, खाऱ्या हवेत वर्षानुवर्षे उभी राहिली. २००५ साली राष्ट्रीय औष्णिक वीज निगम आणि गेल या सरकारी कंपन्यांच्या पुढाकाराने 'रत्नागिरी गॅस अँड पॉवर' ही नवी कंपनी स्थापन झाली आणि २००६ साली यंत्रे पुन्हा फिरू लागली, प्रथम नॅफ्थ्यावरच. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील वायू २००९ पासून मिळू लागला, तेव्हा काही काळ बरे दिवस आले. परंतु त्या खोऱ्यातील उत्पादन लवकरच घटले आणि २०१३ साली केंद्र पुन्हा थांबले. त्याच वर्षी वायूच्या धक्क्यावर पहिले जहाज लागले. पण लाटा अडविणारा बांध पुरा झालेला नसल्यामुळे पावसाळ्यात तेथे जहाज लावता येईना. धक्काही असा शांत समुद्राच्या योजलेल्या स्थितीतच चालणारा निघाला!

नोव्हेंबर २०१५ मध्ये केंद्र पुन्हा सुरू झाले ते रेल्वेला सुमारे ५०० मेगावॅट वीज देण्यासाठी. १,९६७ मेगावॅटपैकी ५०० म्हणजे सुमारे चौथा हिस्सा. केंद्राचे तीन संच आहेत, प्रत्येकी साडेसहाशे मेगावॅटच्या आसपास. चौथा हिस्सा द्यावयाचा तर एकच संच तीनचतुर्थांश भारावर चालतो आणि दोन संच उभे राहतात. तरीही या मांडणीत एक शहाणपण होते. रेल्वेची मागणी रात्रंदिवस साधारण सारखी असते; म्हणजे एका संचापुरती का होईना, यंत्राला मानवणारी स्थिती त्याला मिळाली. वीस वर्षांपूर्वी यंत्राला साजेसा ग्राहक किंवा ग्राहकाला साजेसे यंत्र शोधण्याची तसदी कोणी घेतली असती, तर महाराष्ट्राचे पुष्कळ नुकसान टळले असते.

(७)

या इतिहासापासून काय घ्यावयाचे? परकीय भांडवल वाईट, किंवा सरकारी कारभार वाईट, असे सरसकट निष्कर्ष काढणे सोपे आहे. त्यांवर यापूर्वी पुरेशी शाई खर्च झाली आहे. माझ्या मते येथे शिकण्याची गोष्ट अधिक साधी आणि अधिक उपयोगी आहे. यंत्राच्या अंगावरील पट्टीवर जो आकडा कोरलेला असतो, तो एका स्थितीतला आकडा असतो. विकत घेणाऱ्याने त्या आकड्यावर न थांबता संपूर्ण तक्ता मागावा: पूर्ण भारावर काय, अर्ध्यावर काय, चैत्रात काय, श्रावणात काय, थंड असताना किती वेळ, गरम असताना किती, हे इंधन नसेल तर कोणते, आणि त्यावर खर्च किती. इंजिनियर हा तक्ता जवळ बाळगतात. अंजनवेलच्या कराराची बोलणी चालली होती तेव्हा तो तक्ता आणि महाराष्ट्राच्या मागणीचा तक्ता शेजारी-शेजारी ठेवून कोणी पाहिले असते, तर दोहोंतील अंतर कोणाही समंजस माणसाला दिसले असते. पुण्यातील काही तरुणांना ते दिसलेच होते.

हा प्रश्न जुन्या इतिहासापुरता उरलेला नाही. सौर विजेचा प्रसार होऊ लागल्यापासून दुपारी वीज मुबलक आणि सूर्यास्ताबरोबर टंचाई, अशी नवी चढउतार निर्माण झाली आहे. २०२३ च्या सुमारास भारतात वायूवर चालणारी केंद्रे सुमारे २५ हजार मेगावॅटची होती आणि त्यांतील पुष्कळशी शक्ती बहुतेक काळ पडून असे. संध्याकाळच्या दोन-चार तासांसाठी ही यंत्रे वापरावीत, असे सुचविले जाते. सूचना चांगली आहे. परंतु रोज सुरू करणे, रोज थांबविणे, अर्ध्या भारावर वाट पाहत राहणे, हे काम या यंत्रांच्या मूळ योजनेत बसणारे नाही. त्यासाठी त्यांत सुधारणा कराव्या लागतील, झीज सोसावी लागेल, आणि या सेवेचा दर युनिटाच्या हिशेबाने न ठरविता तत्परतेच्या हिशेबाने ठरवावा लागेल. असे करार पुढेही होतील आणि त्यांची बिले आपल्याच घरी येतील. त्या वेळी वर्तमानपत्रात मेगावॅटचा मोठा आकडा वाचून समाधान न मानता, तो कोणत्या हवेतला, कोणत्या भारावरचा आणि वर्षातील किती तासांचा, एवढे तीन प्रश्न महाराष्ट्रातील प्रत्येक सुशिक्षित कुटुंबाने विचारावेत. हे प्रश्न विचारण्यास इंजिनियर असावे लागत नाही.